कॅम्पमध्ये पॉझिटिव्ह निघालेली बाई परत येत नाही, मग पैसा कॅमेऱ्यात घालायचा की पाठपुराव्यात?

वैदेही_हिंगणा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही. आमची छोटी संस्था आहे. नागपुरातल्या काही वस्त्या आणि रामटेक-पारशिवनीकडची काही गावं, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचे कॅम्प लागतात त्यांना आम्ही मदत करतो. म्हणजे घरोघर जाऊन सांगणं, बायकांना आणणं, नोंदी ठेवणं आणि कोणाला पुढे पाठवलं तर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) नाहीतर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला सोबत जाणं. आता बुटीबोरीची एक कंपनी सीएसआरमधून (समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीतून) पैसे द्यायला तयार आहे आणि त्यांना 'डिजिटल' प्रोजेक्ट हवाय. त्यांच्या डोक्यात मोबाईलला जोडलेला कॅमेरा आहे, गर्भाशयमुखाचा फोटो काढायचा आणि एआय तिथल्या तिथे सांगणार की डाग संशयास्पद आहे की नाही. डेमो बघितला मी, दिसायला फार छान आहे.

माझी अडचण दुसरीच आहे. आमच्या नोंदवहीत ज्या बायकांपुढे 'पॉझिटिव्ह, रेफर' लिहिलंय त्यातल्या बऱ्याच जणी मोठ्या दवाखान्यात पोचतच नाहीत. कोणाचा फोन लागत नाही, कोणी सोयाबीन कापायला गेली ती परत कामावरून सुट्टी काढू शकली नाही, कोणाला 'काही त्रास नाही तर कशाला जायचं' असं घरच्यांनी सांगितलं. तपासलं, सापडलं, आणि तिथेच सोडून दिलं, याहून वाईट काय असेल सांगा. हा आजार व्हायला १५-२० वर्षं लागतात, एवढा वेळ आपल्या हातात असतो आणि तरी २०२२ साली भारतात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढच्या प्रत्येकीची दर ५ वर्षांनी तपासणी लिहिलेली आहे, कागदावर सगळं आहे.

मला वाटतं हा पैसा फोटोत न घालता त्या हरवलेल्या बायकांना शोधण्यात घालावा. पण मी डॉक्टर नाही आणि सॉफ्टवेअरवालीही नाही. तेव्हा ज्यांना कळतं त्यांनी मोकळेपणी सांगा, कंपनीला लवकरच उत्तर द्यायचंय.

आयटीपार्क_परसोडी | रविवार, रात्री १०:२५

वैदेहीताई, मी इमेजवरच्या मशीन लर्निंगचंच काम करतो, मेडिकल नाही पण तंत्र तेच. या विषयात २०१९ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या लोकांचा एक पेपर आला होता, त्यावर जगभर फार चर्चा झाली. कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते भागात ९ हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशयमुखाचे फोटो वर्षानुवर्षं जमवलेले होते, त्यावर मॉडेल (फोटो बघून ओळखणारा प्रोग्राम) शिकवलं आणि निकाल इतका चांगला आला की माणसाच्या नजरेपेक्षा मशीन पुढे गेलं असं वाटायला लागलं. पण ते फोटो एका विशिष्ट जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याचे. तेच मॉडेल दुसऱ्या कॅमेऱ्याच्या, मोबाईलच्या फोटोंवर चालवलं की गडबड, इतकंच काय एकाच बाईचे एका मिनिटात काढलेले दोन फोटो दिले तर दोन वेगळी उत्तरं. हे त्याच संशोधकांनी नंतर स्वतःच मांडलं आणि आता ते आधी एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो शोधणारी) आणि जी पॉझिटिव्ह येईल तिचाच फोटो मशीनला दाखवायचा अशा पद्धतीवर काम करत आहेत.

म्हणून कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा, की तुमचं मॉडेल कुठल्या देशातल्या, कुठल्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर शिकलंय आणि आपल्याकडच्या बायकांवर, आपल्याकडच्या नर्सने काढलेल्या फोटोंवर कोणी तपासलंय का. डेमोमध्ये फोटो नेहमी स्वच्छ असतो. खऱ्या कॅम्पमध्ये स्राव असतो, रक्त असतं, टॉर्चचा उजेड एका बाजूने पडतो, फोकस हलतो.

डॉक्टर_धंतोली | रविवार, रात्री ११:१०

वरच्यांनी बरोबर लिहिलंय. मी थोडं दवाखान्याच्या बाजूने सांगते.

कॅम्पमध्ये जी तपासणी होते तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, ठळक पांढरा डाग उठला की पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, निकाल हातोहात मिळतो. पण सगळा भार बघणाऱ्याच्या नजरेवर आहे. सूज असली, जखम भरत असली तरी पांढरं दिसतं. आणि पाळी गेलेल्या बाईमध्ये जिथे आजार सुरू होतो तो भाग आत सरकलेला असतो, तिथे व्हीआयए चालत नाही. कॅमेरासुद्धा चालत नाही, कारण जे दिसतच नाही त्याचा फोटो कसा काढणार? हे कंपनीवाले सांगत नाहीत.

तरीही व्हीआयएला कमी लेखू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना चार आठवडे ट्रेनिंग दिलं आणि त्यांनीच दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या तपासण्या केल्या. २०१४ ला छापून आलं, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पण तिथे फेरी चुकत नव्हती, कामावर देखरेख कडक होती, पॉझिटिव्ह बाईला उपचारापर्यंत नेलं जात होतं. तेच काम एका दिवसाच्या कॅम्पमध्ये केलं की तो निकाल येत नाही.

दुसरा अभ्यास आपल्याच राज्यातला, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलसोबत केलेला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका. काहींची एचपीव्ही टेस्ट, काहींची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या), काहींची व्हीआयए आणि उरलेल्यांना नेहमीचीच सोय. २००९ साली निकाल आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच! पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तेव्हा असा ठोस फरक दिसला नाही. हे मराठवाड्यातल्या खेड्यात झालंय आणि त्यावर जगाची धोरणं बदलली, मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्याकडेच ती टेस्ट अजून सगळीकडे मिळत नाही याचं तेवढंच वाईट वाटतं.

आशाताई_रामटेककडची | सोमवार, दुपारी १:५०

मी आशा आहे. तुमचं सगळं वाचलं. पण बाई तपासाले येतच नाही हे आधी लिहा ना. मी घरी जाते, तो फॉर्म भरते, वय किती, तंबाखू खाता का, अंगावरून पांढरं जाते का, पाळीशिवाय रक्त जाते का, सगळं विचारते. बाई सगळं सांगते. मंग म्हणते ताई टेबलावर झोपा लागते काय? हो म्हटलं की विषय संपला. सासू म्हणते तिले काय झालं हाय, काऊन नेऊन राहिली. आमच्या इकडं गोंड समाजाच्या म्हाताऱ्या बाया तर हातच लावू देत नाही.

आन् दुसरं म्हणजे अ‍ॅप. तुम्ही नवीन अ‍ॅप आणून राहिले असाल तर पाया पडते, नका आणू. गरोदर बाईचं वेगळं, टीबीचं वेगळं, बीपी शुगरचं वेगळं, एकच नाव एकच आधार किती ठिकाणी टाकायचं? रेंज नसली की चाक फिरत राहते, भरलेलं उडून जाते, मंग रात्री घरी येऊन वहीतून परत भरा. वही कधी उडून जात नाही.

वैदेही_हिंगणा | सोमवार, दुपारी २:३०

आशाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. टेबलाची भीती मीपण रोज ऐकते. यावर कोणी काही केलंय का?

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी ३:१५

मी लॅबमध्ये आहे. टेबलाला पर्याय आहे की. एचपीव्ही टेस्टसाठी नमुना बाई स्वतः घेऊ शकते, छोटा ब्रश किंवा स्वॅब असतो, आडोशाला किंवा घरच्या बाथरूममध्ये जाऊन योनीमार्गात घालून फिरवायचा आणि ट्यूबमध्ये टाकायचा, झालं. स्पेक्युलम (तपासताना आत घालतात ते उपकरण) नाही, टेबल नाही, कोणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटना हे मान्य करते. मशीन विषाणूचा डीएनए शोधतं त्यामुळे कोण बघतंय, नजर कशी आहे हा प्रश्नच येत नाही, आणि पाळी गेलेल्या बाईलाही चालतं.

मशीनचं म्हणाल तर टीबीसाठी ट्रूनॅट खेडोपाडी पोचलंय, गोव्याच्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल. त्याच मशीनवर एचपीव्हीची चिप चालते. अर्थात ती चिप वेगळी घ्यावी लागते आणि मशीनवर टीबीचे नमुने आधीच रांगेत असतात, त्यामुळे टीबीवाल्यांशी बोलून वेळ ठरवावी लागेल. पण यंत्र नव्याने घ्यायची गरज नाही, हा मोठा खर्च वाचतो.

मुलींचा_बाबा | सोमवार, संध्याकाळी ६:०५

जरा वेगळं विचारतो. माझ्या मुली ११ आणि १३ वर्षांच्या आहेत. एचपीव्हीची लस दिली तर या तपासण्या लागणारच नाहीत का?

डॉक्टर_धंतोली | सोमवार, रात्री ९:२०

दादा, लस नक्की द्या, ९ ते १४ हे सगळ्यात योग्य वय आहे. पुण्याच्या सीरमची भारतीय लस २०२३ पासून मिळते. पण लस या विषाणूचे सगळे प्रकार अडवत नाही. १६ आणि १८ नंबरचे विषाणू साधारण ७० टक्के केसेसना जबाबदार असतात, ते अडतात, बाकीचे काही उरतात, म्हणून तिशीनंतर मुलींनाही तपासणी लागेल. आणि त्यांच्या आईला आता लागेल, तिची झाली का ते विचारा.

लॅबवाल्या दादांचं बरोबर आहे, फक्त एक जोडते. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक बायकांच्या अंगातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांनाच धोका. म्हणून तिशीच्या आत ही टेस्ट करायची नाही, उगाच घबराट होते. एचआयव्ही असलेल्या बायका सोडून, त्यांना २५ पासून. आणि हा निकाल सांगायचा कसा हे शिकवावं लागतं, कारण 'संबंधातून येणारा विषाणू' एवढंच ऐकलं की घरात भांडण पेटतं, नवरा तिच्यावर संशय घेतो. तो विषाणू दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो आणि आयुष्यात कधीतरी जवळपास सगळ्यांनाच होतो, हे पहिल्या वाक्यात सांगा.

उमरेडची_लेक | सोमवार, रात्री १०:४५

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या आईला हा कॅन्सर झाला. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि परत रक्त जायला लागलं, गावात सगळ्यांनी उष्णता म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. नंतर कळलं की त्याआधी एका कॅम्पमध्ये तिची तपासणी झाली होती आणि रिपोर्ट आलाच नव्हता, किंवा आला असेल तर आम्हाला कोणी दिला नाही. कॅम्पच्या कागदावर जो मोबाईल नंबर होता तो माझ्या वडिलांचा जुना नंबर, ते सिम कधीच बंद झालेलं. पुढे रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो, उमरेडहून नागपूरला रोज बसने. ती आज बरी आहे, डॉक्टरांनी आणि नर्सनी फार केलं तिचं.

पण वैदेहीताई, तुम्ही जे म्हणताय ते मी भोगलंय. तेव्हा दुसरा नंबर विचारला असता, माझा, तर मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले असते. कॅमेरा घ्या नका घेऊ, पण दुसरा नंबर घ्या.

आयटीपार्क_परसोडी | सोमवार, रात्री ११:३०

ताई, तुमच्या आईला खूप शुभेच्छा. तुमच्या पोस्टने माझा पूर्ण दिवसाचा विचार बदलला. मी बसून कागदावर मांडलं की सगळ्यात साधं काय लागेल, सांगतो.

नवं अ‍ॅप नाही. आशाताईंनी आधी जे भरलंय त्यातूनच नाव घ्यायचं, त्यांनी परत काहीच भरायचं नाही. फोनमध्ये बिनानेटवर्कचं चालणारं एक फॉर्म, जे रेंज आली की आपोआप पाठवेल, अशी मोफत साधनं आहेत, मी बसवून देऊ शकतो. प्रत्येक बाईपुढे चारच गोष्टी: नमुना कधी दिला, निकाल काय, निकाल तिला स्वतःला सांगितला का, आणि पुढची तारीख. ट्यूबवर बारकोड, नाव नाही. आणि रोज सकाळी ज्या बायकांची तारीख उलटली त्यांची यादी वर येणार. यादी रिकामी राहिली पाहिजे म्हणजे काम झालं. डॅशबोर्डवर 'इतक्या बायका तपासल्या' हा आकडा मोठा दिसतो, तो मी दाखवणारच नाही, 'किती पॉझिटिव्हपैकी किती उपचारापर्यंत पोचल्या' हा एकच आकडा वर ठेवीन.

एसएमएसबद्दल: मेसेजमध्ये आजाराचं नाव, तपासणीचं नाव काहीही नको. 'अमुक तारखेला आरोग्य केंद्रात या, ताई वाट बघत आहेत' एवढंच. फोन नवऱ्याचा असतो, मुलगा वाचतो, दुकानदार वाचून दाखवतो. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना रेकॉर्ड केलेला आवाज, मराठीत आणि हिंदीत, शक्य झालं तर गोंडीतही. वस्तीतल्या छत्तीसगडच्या बायकांना मराठी मेसेज कळत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, फोटो काढायचेच असतील तर कोणाच्या स्वतःच्या मोबाईलने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांना पाठवू नका. फोटो गॅलरीत जातो, तिथून आपोआप क्लाउडवर बॅकअप होतो, घरातलं पोरगं फोन उघडतं. बाईने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे, पण कायदा नसता तरी हे करायचं नसतं.

जरीपटका_सून | मंगळवार, सकाळी १०:१५

मी ३८ ची आहे, कधीच काही केलेलं नाही. नागपुरात नेमकं कुठे जायचं? लाज वाटते विचारायला.

डॉक्टर_धंतोली | मंगळवार, दुपारी १:३०

लाज कसली, विचारलंत ते फार चांगलं केलंत. मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, या सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ पडेल तिथल्या स्त्रीरोग ओपीडीत सकाळी जा आणि 'गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करायची आहे' असं सरळ सांगा. पाळी चालू असताना जाऊ नका, आदल्या दोन दिवसांत संबंध किंवा आतून औषध नको. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र त्याच आठवड्यात जा, थांबू नका. आणि निकाल हातात घेतल्याशिवाय विषय सोडू नका.

वैदेही, आता तुमच्या मूळ प्रश्नावर. पाठपुराव्याचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे बाईला परत यावंच लागू नये. एचपीव्ही पॉझिटिव्ह बाईला बोलावलं, तपासलं आणि डाग उपचारालायक दिसला तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर थर्मल अ‍ॅब्लेशन करता येतं. म्हणजे तो डाग उष्णतेने जाळणं. हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र असतं, टोक साधारण १०० अंशाला तापतं, मिनिटभरात काम होतं, भूल लागत नाही, गॅसचं सिलिंडर लागत नाही. पूर्वीच्या क्रायोला, म्हणजे डाग गोठवून नष्ट करायच्या पद्धतीला, सिलिंडर लागायचं आणि ते संपलं की महिनाभर काम बंद. ज्यांचा डाग मोठा किंवा आत गेलेला किंवा कॅन्सरचाच संशय, त्यांनाच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, म्हणजे सोबत न्यायच्या बायका मोजक्या उरतात आणि तुम्ही खरंच प्रत्येकीसोबत जाऊ शकता.

या टप्प्यावर मला कॅमेरा हवा आहे. एआयसाठी नाही, माझ्यासाठी. उपचार करणारी डॉक्टर नवीन असेल तर मी नागपुरात बसून फोटो बघून 'कर' किंवा 'पाठव' सांगू शकते. कॅमेरा सगळ्या बायकांवर चालवायचा नाही, पॉझिटिव्ह आलेल्या थोड्यांवर.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी २:००

+१. आणि निगेटिव्ह बाईला तो कागदही द्या. एचपीव्ही निगेटिव्ह आली की ५ ते १० वर्षं निवांत, हे तिला कळलं की ती शेजारणीला सांगते.

वैदेही_हिंगणा | मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कंपनीच्या माणसाशी बोलले. सुरुवातीला नाराज होता, त्यांना फोटोसह बातमी हवी होती. मी त्याला उस्मानाबादचं सांगितलं, कॅमेऱ्याच्या मॉडेलबद्दलचा प्रश्न विचारला, त्याच्याकडे उत्तर नव्हतं, विचारून सांगतो म्हणाला. मग मी उमरेडच्या ताईंची पोस्ट नाव न घेता वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि म्हणाला, प्रस्ताव बदलून पाठवा.

तर असा पाठवतेय. मोठा पैसा एचपीव्हीच्या चिप आणि बायकांनी स्वतः नमुना घ्यायच्या किटवर. एक थर्मल अ‍ॅब्लेशनचं यंत्र आणि ते चालवणाऱ्या डॉक्टर-नर्सचं ट्रेनिंग. एकच कॅमेरा, बिनाएआयचा, फोटो सुरक्षित ठेवून धंतोलीच्या डॉक्टरांनी बघायचे. पाठपुराव्याचं फॉर्म आणि यादी. आणि पूर्ण पगारावर एक बाई जिचं काम फक्त त्या यादीवरच्या बायकांना फोन करणं, घरी जाणं, बसभाडं देणं. कंपनीला हा पगार 'डिजिटल' वाटत नव्हता. मी म्हटलं यादी वाचणारं कोणी नसेल तर यादीचा उपयोग काय, आणि यावर मी मागे हटणार नाही. दोन नंबर घेणं सक्तीचं, एक बाई स्वतः सांगेल त्या विश्वासातल्या माणसाचा, आणि त्याला काय सांगायचं काय नाही हेही तिलाच विचारायचं.

आशाताई, यात काही चुकतंय का?

आशाताई_रामटेककडची | बुधवार, दुपारी २:१०

बरं हाय. बाथरूममध्ये जाऊन स्वतः घेते म्हटलं तर आमच्या बाया तयार होईल, मी आजच दोघीतिघींले विचारलं, त्याईनं हो म्हटलं. पण आधी आम्हा आशांना आमचाच नमुना घ्यायले लावा. आम्ही केलं असन तर सांगता येते, नाहीतर बाई विचारते तू केलं काय.

फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा. तवा माणसं घरी नसतेत, बाई मोकळं बोलते. सकाळी केला तर उचलणार नाही आन् रात्री केला तर नवरा उचलते. शेताच्या दिवसात मात्र दुपारीही नाही, तवा मले सांगा, मी जाऊन येईन. आन् जाण्यायेण्याचे पैसे आशालेही लिहा त्या कागदात.

उमरेडची_लेक | बुधवार, दुपारी ३:४०

उमरेड, कुही, भिवापूरकडे पुढे कधी काम सुरू झालं तर फोन करायला मी आहे. दुपारी दोन ते चार मला जमतं.

वैदेही_हिंगणा | बुधवार, रात्री ८:१५

आशांचा प्रवासखर्च टाकला, आणि पहिले नमुने आशांचेच हेही टाकलं. तुमचं नाव लिहून ठेवते उमरेडच्या ताई. आयटीपार्कवाले दादा, शनिवारी आशाताईंच्या गावी फॉर्म तपासायला येणार का? तिथे रेंज अजिबात नाही, म्हणजे बरोबर कळेल.

आयटीपार्क_परसोडी | बुधवार, रात्री ८:४०

येतो. दोन जुने स्वस्त फोनही आणतो, माझ्या फोनवर चालून उपयोग नाही.

आशाताई_रामटेककडची | गुरुवार, दुपारी १:३०

शनिवारी बाजार असते, कोणी भेटणार नाही. रविवारी या, अकरा वाजता. बाकीच्या आशांनाही बोलावते.